जुन्या थकबाकीचा फोन आला, तर आधी सही थांबवा

प्रश्न : आम्ही नाशिकला सातपूर भागात राहतो. माझे मिस्टर ज्या कारखान्यात होते तो २०१२ मध्ये बंद पडला. त्यात क्रेडिट कार्डाचे ३८ हजार थकले. शेवटचे पैसे मार्च २०१३ मध्ये भरले, पुढे जमलंच नाही. काही वर्षं फोन आले, मग बंद झाले. आता पुन्हा रोज फोन सुरू झालेत. बँकेने ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलंय आणि २ लाख ७० हजार येणं आहे, असं सांगतात. “आज ५ हजार टोकन भरा, लिंक पाठवतो त्यावर ओटीपी टाका, ४५ हजारांत मिटवून देतो,” असं तो माणूस म्हणतो. मुलगा नोकरीला लागलाय. त्याने आणि मिस्टरांनी मिळून फ्लॅटसाठी कर्ज मागितलं, तर मिस्टरांच्या सिबिलवर ‘रिटन ऑफ’ दिसतंय म्हणून बँकेने परत पाठवलं. एक ओळखीचे म्हणतात, सात वर्षांनी नाव आपोआप निघतं. एक वकील म्हणाले, तीन वर्षं उलटली, एक रुपया देऊ नका. मिस्टर या विषयावर बोलतच नाहीत, फोनही उचलत नाहीत. शिवाय २०१४ मध्ये दिरांच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन राहिले होते. त्याची १०१ ची नोटीस परवा आली. तेही जुनंच आहे, सोडून द्यावं ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, पत्रात तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेलं मी सगळ्यात आधी घेतो, कारण घाई तिथे आहे. पतसंस्थेची नोटीस सोडून देऊ नका. तिच्यावर सुनावणीची तारीख असेल, त्या तारखेला स्वतः हजर राहा.

कार्डाचं कर्ज आणि पतसंस्थेचं कर्ज दोन्ही जुनी असली, तरी त्यांचा कायदा एक नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. त्यातल्या कलम ९२ प्रमाणे संस्था सभासदाकडून येणं वसूल करायला सहकार न्यायालयात गेली, तर दावा करायची मुदत मोजायची ती सभासदाचा मृत्यू झाल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून. जामीन राहताना पतसंस्थेने तुम्हालाही शंभर-पाचशेचे शेअर्स देऊन सभासद करून घेतलं असणार, तशीच पद्धत आहे. तुम्ही अजून सभासद असाल, तर “दहा वर्षं होऊन गेली” एवढ्या बचावावर विसंबून घरी बसणं फार धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट, तुमची नोटीस ज्याखाली आली आहे त्या, याच कायद्यातल्या कलम १०१ मध्ये दिवाणी दाव्यासारखी लांबण नसते. पतसंस्था सहकार निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करते, कर्जदाराला आणि जामीनदारांना नोटीस जाते, सुनावणी होते आणि वसुलीचा दाखला निघतो. दाखला निघाला की वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासावा असा अर्ज, करायचा, तर कलम १५४ प्रमाणे वसूल व्हायच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे तुमचं म्हणणं फुकटात ऐकून घेतलं जाण्याची जागा ही पहिली सुनावणीच आहे. ती चुकवली, तर पुढे बोलण्यासाठीही पैसे मोजावे लागतील.

सुनावणीत काय मागायचं? कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, तुम्ही सही केलेल्या जामीनपत्राची प्रत, दिरांनी आजवर भरलेल्या रकमांचा हिशेब आणि तारण असेल तर त्याचं काय झालं याचा तपशील. हे सगळं लेखी मागा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. संस्थेत एकरकमी परतफेडीची सवलत चालू आहे का, तेही विचारा. तुमची त्याच पतसंस्थेत ठेव असेल तर लक्षात घ्या, सभासदाच्या थकबाकीपोटी त्याच्या शेअर्सवर आणि ठेवीवर संस्थेचा हक्क असतो. आणि दिरांशी आजच बोला. जामीनदाराला संस्था आधी धरू शकते, कर्जदाराला आधी गाठलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नसतं. तुम्ही भरलेले पैसे दिरांकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण घरात तो हक्क बजावणं किती अवघड असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ते बोलणं आत्ताच, जप्तीचा कागद यायच्या आधी व्हायला हवं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. नोटीस घेऊन उद्याच जा. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तरी ते कुठे जायचं ते सांगतील.

आता कार्डाकडे वळू. तुमचे ओळखीचे आणि तुमचे वकील, दोघंही अर्धं सांगताहेत.

वकिलांचा अर्धा भाग बरोबर आहे. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे, आणि विनातारण कर्जासाठी न्यायालयात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तुमचा शेवटचा भरणा मार्च २०१३ चा, त्यानंतर कुठे काही लिहून दिल्याचं पत्रात नाही. म्हणजे बँकेची मुदत २०१६ च्या सुमाराला संपली. (कोविडच्या काळातले १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतून वगळले होते. पण तुमची मुदत त्याआधीच संपलेली असल्याने त्याचा बँकेला काही उपयोग नाही. ज्या वाचकांचं कर्ज २०१८-१९ मध्ये थकलं, त्यांनी मात्र ही दोन वर्षं हिशेबात धरलीच पाहिजेत.) आता कुणी दावा लावला, तर तो मुदतबाह्य म्हणून फेटाळावा लागतो. तरीही न्यायालयाचं समन्स आलं, तर हजर राहायचंच.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. २०१३ ते २०१६ दरम्यान बँकेने दावा लावला होता का? पत्ता बदललेला असला, की समन्स जुन्या घरी जातं आणि एकतर्फी निकाल लागून जातो, घरच्यांना पत्ताही नसतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून, मिस्टरांचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. निकाल झालेला असेल तर गोष्ट बदलते, कारण हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत करता येते. कुठेच काही सापडलं नाही, तर तुम्ही बऱ्याच मोकळ्या झालात.

बऱ्याच म्हणालो, पूर्ण नाही. मुदत संपली की न्यायालयाचा रस्ता बंद होतो, देणं मात्र पुसलं जात नाही. आपल्याकडे हे तत्त्व फार जुनं आहे, १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कंपनी पैसे मागू शकते, पत्र पाठवू शकते, आणि सिबिलवरची नोंदही राहते. ‘मुदत संपली, आता माझी नोंद काढा’ असा हक्क कायद्याने दिलेला नाही.

सात वर्षांची गोष्ट मी इतक्या ठिकाणी ऐकतो, की तिच्यावर थोडं थांबून लिहितो. पतमाहिती कंपन्यांबद्दलचा, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांबद्दलचा कायदा २००५ चा, नियम २००६ चे. त्यात माहिती किमान सात वर्षं जपून ठेवा असं म्हटलं आहे. ‘किमान’ हा शब्द बोलता बोलता गळून गेला आणि ‘सात वर्षांनी नाव निघतं’ अशी समजूत पसरली. बारा वर्षांपूर्वीची तुमची ओळ बँकेच्या साहेबांना आजही दिसली, हाच त्याचा पुरावा. ती आपोआप जाईल म्हणून आणखी वाट पाहू नका.

‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने माफ केलं, असंही अनेकांना वाटतं. तसं नसतं. बँकेने आपल्या ताळेबंदातून ते येणं काढून टाकलं, एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क तिच्याकडेच राहतो, किंवा ती तो विकते. तुमच्या बाबतीत विकलेला दिसतो.

आता त्या ५ हजारांच्या टोकनाबद्दल. ताई, मी वसुली विभागात काम केलं आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. त्या माणसाला ५ हजारांपेक्षा तुमच्या मिस्टरांची सही किंवा तिच्या जागी चालेल अशी कबुली जास्त हवी आहे. मुदत संपायच्या आत कर्जदाराने सहीनिशी देणं कबूल केलं, तर तिथून नव्याने मुदत सुरू होते. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने किंवा थोडे पैसे भरल्याने ती परत जिवंत होत नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ मध्ये एक दार उघडं आहे. मुदत संपलेलं कर्जसुद्धा ‘मी फेडीन’ असं सही करून लिहून दिलं, तर तो नवा, पूर्ण वैध करार होतो. मग २ लाख ७० हजारांसाठी ते खुशाल न्यायालयात जाऊ शकतात. ओटीपी टाकून ‘मान्य’ दाबायला लावणारी ती लिंक काय लिहून घेते, हे तुम्हाला फोनवर कोणी वाचून दाखवणार नाही. म्हणून लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, कोरा चेक तर अजिबात नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो, पुढच्या महिन्यात भरतो’ असंही लिहू नका.

लोकअदालतीची नोटीस आली तरी घाबरून सही करायची नाही. लोकअदालत चांगली व्यवस्था आहे, तिने कित्येक घरं सावरली आहेत. पण तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते, आणि तिच्यावर अपील नाही. दावाच लागलेला नसताना आलेल्या अशा नोटिशीला न गेल्याने अटकबिटक काही होत नाही. आकडा आणि अटी दोन्ही पटल्या, तरच तिथे सही करायची.

फोनवर पोलीस, वॉरंट, ‘४२० ची केस’ असलं काही बोलत असतील, तर मिस्टरांना एवढं सांगा. परिस्थितीमुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही. कारखाना बंद पडला, पगार थांबला, यात त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. बारा वर्षं हा माणूस ही लाज एकट्याने वाहतोय, असं तुमच्या पत्रातून जाणवतं, आणि वसुलीवाल्यांची सगळी भिस्त त्या लाजेवरच असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे, की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना-मित्रांना त्रास द्यायचा नाही. कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांनाही हे लागू आहे. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा. तो दारात आला, तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. शिवीगाळ केली, तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

मग पैसे द्यायचे की नाही? जुना निकाल निघाला नाही, तर न्यायालयातून कोणी तुमच्याकडून ते वसूल करू शकत नाही, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की मिस्टरांना पुढे कधीही कर्ज लागणार असेल, तर ही ओळ मिटल्याशिवाय बँका दारात उभं करणार नाहीत. माझं मत विचाराल, तर जमेल तेव्हा मुद्दल देऊन हे मिटवावं. घेतलेले पैसे परत केल्याचं समाधानही मोठं असतं, तुमच्या मिस्टरांना तर ते हवंच असेल. मात्र त्यासाठी दागिने गहाण टाकू नका, पीएफ मोडू नका, नवं कर्ज तर नकोच. घाई त्या माणसाला आहे, तुम्हाला नाही. पतसंस्थेचं आधी निस्तरा.

त्याआधी मिस्टरांचा रिपोर्ट काढा. आपल्याकडे चार पतमाहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तोही त्यांच्याच संकेतस्थळावरून, मधल्या ॲपची गरज नाही. नुसता स्कोअर बघून रिपोर्ट मिटू नका, कार्डाच्या खात्याचं पान वाचा. तिथे राईट-ऑफ केलेली एकूण रक्कम आणि त्यातलं मुद्दल असे दोन आकडे वेगळे असू शकतात. २ लाख ७० हजारांच्या समोर तो मुद्दलाचा आकडा ठेवून बघा, बोलणी तिथून सुरू करायची. शेवटचा भरणा कधीचा दाखवलाय तेही पाहा. तो मार्च २०१३ च्या नंतरचा दिसला तर ती चूक आहे आणि तुमच्या दृष्टीने गंभीर आहे. एकच कर्ज बँकेच्या आणि नव्या कंपनीच्या अशा दोन्ही नावांवर थकीत दिसतंय का, हेही बघा. विकलेल्या कर्जात असं पुष्कळदा होतं.

चूक सापडली तर ऑनलाइन तक्रार नोंदवा. पतमाहिती कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेकडून खात्री करून घेते. या सगळ्याला ३० दिवसांची मुदत आहे. त्यापुढे गेलं, तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ वर विचारा. ‘१५ हजार द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे यातलं वेगळं काहीही नसतं.

मग कंपनीला रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा. मजकूर असा ठेवा :

“आपल्या प्रतिनिधीने माझ्याकडे फोनवरून रकमेची मागणी केली आहे. ती मागणी मला मान्य नाही. मूळ बँकेकडून हक्क आपल्याकडे आल्याचा कागद, खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा आणि मागणीतलं मुद्दल, व्याज व दंड यांचा वेगवेगळा तपशील लेखी पाठवावा. यापुढे या विषयावर फक्त लेखी पत्रव्यवहार करावा. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली किंवा ते फेडण्याचं वचन नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नका. सही करण्यापूर्वी हे पत्र विधी सेवा कार्यालयातल्या वकिलांना दाखवलंत तर आणखी बरं.

कागद आले, कंपनी खरी निघाली आणि आकडा आवाक्यातला असला, तर आधी त्यांच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख, ‘यानंतर काहीही बाकी नाही’ हे वाक्य आणि चारही पतमाहिती कंपन्यांना काय कळवणार ते स्पष्ट हवं. इथे जोर लावा. कमी रकमेत मिटवलं की साधारणपणे ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, आणि नवी बँक तिच्याकडेही संशयाने बघते. मुद्दल पूर्ण देतो, पण खातं ‘क्लोज्ड’ कळवा, असं आधीच लेखी मागा. काही कंपन्या मानतात, काही मानत नाहीत. मानलं नाही, तर आकडा आणखी खाली आणायला तुम्ही मोकळ्या आहात. पैसे एकरकमी भरा, कारण हप्ते बांधून घेतले आणि एक चुकला, तर सवलत रद्द होते. आणि ते कंपनीच्या बँक खात्यातच भरा, त्या माणसाच्या यूपीआयवर कदापि नको. नंतर नो ड्यूजचं पत्र घ्या. पतमाहिती आता निदान पंधरवड्याला कळवावी लागते, म्हणून महिनाभराने रिपोर्ट पुन्हा काढून पाहा. स्कोअर लगेच उडी मारेल अशी आशा धरू नका, जुना इतिहास काही काळ दिसत राहतो. पण बाकी शून्य दिसली की बोलणं तरी सुरू होतं. तडजोड ज्यांच्याशी झाली, ते स्वतः तुम्हाला निदान १२ महिने तरी नवं कर्ज देणार नाहीत.

राहिला मुलगा. वडिलांच्या सिबिलचा मुलाच्या सिबिलवर काहीही परिणाम होत नाही. घर एक, आडनाव एक, पत्ता एक असला, तरी नाही. अडलं ते वडील सहकर्जदार होते म्हणून. त्याने एकट्याच्या पगारावर किती कर्ज बसतं ते विचारावं. कमी पडत असेल, तर सहकर्जदार म्हणून तुमचं नाव सुचवावंसं वाटेल, पण १०१ चं प्रकरण मिटेपर्यंत तुम्ही त्यात जाऊ नका. थोडा लहान फ्लॅट किंवा दोन वर्षं आणखी बचत, हे दोन्ही मार्ग वडिलांच्या खात्याची घाईघाईने तडजोड करण्यापेक्षा बरे. वेगवेगळ्या बँकांत एकदम अर्जही टाकू नका म्हणावं, प्रत्येक अर्जाची चौकशी त्याच्या रिपोर्टवर उमटते.

सुनावणीत काय झालं ते जरूर कळवा. मिस्टरांच्या रिपोर्टमधलं त्या खात्याचं पान मला पाठवायचं असेल, तर पॅन आणि खाते क्रमांक झाकून पाठवा.